आधी कान, मग खडू

पोरी,

परवा फोनवर तू म्हणालीस, "मावशी, जूनपासून सहावी-सातवीची मराठी माझ्याकडे आहे आणि निम्म्या वर्गाला धड वाचता येत नाही. मी अभ्यासक्रम कसा पुरा करू?" तुझा आवाज भरून आला होता, म्हणून तेव्हा दोन धीराचे शब्द बोलून मी फोन ठेवला. पण तुझा प्रश्न काही मनातून जाईना. बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर मी ३१ वर्षं काढली, त्यातली बरीचशी पाचवी ते सातवीच्या वर्गांवर. माझ्या पहिल्या शाळेत एक वयस्कर गुरुजी होते, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. मधल्या सुट्टीत चहा पिता पिता त्यांनी जे सांगितलं, त्यावर माझी सगळी नोकरी निघाली. तेच आता तुझ्या पदरात टाकते. थोडी भर माझी आहे, मूळ त्यांचं.

त्यांचं पहिलं सांगणं असं होतं: "बाई, फळ्याकडे जायच्या आधी पोराचं वाचन ऐका." मला वाटलं, मी तर रोजच ऐकते. एक जण उभा राहून परिच्छेद वाचतो, बाकीचे बोट ठेवून बसतात, मग पुढचा उठतो. गुरुजी म्हणाले, ह्याला ऐकणं म्हणत नाहीत. अशा वाचनात ज्याला येतं तो पुढे होतो आणि ज्याला येत नाही तो लपतो. सातवीपर्यंत पोचलेलं मूल लपण्यात फार तरबेज झालेलं असतं. शेजाऱ्याचं ऐकून ओठ हलवतं, धडा पाठ करून ठेवतं, नेमकं त्याच्या पाळीला पाणी प्यायला जातं. सहा वर्षं त्यानं तेच केलेलं असतं.

तेव्हा शाळा उघडल्यावर पहिले १५ दिवस नवं पुस्तक उघडूच नकोस. चौथीचं बालभारती घे, आणि एकेका मुलाला बाहेर ओट्यावर किंवा लिंबाखाली तुझ्या शेजारी बसव. समोर नको, शेजारी. एक पान वाचायला सांग. एका मुलाला ५ मिनिटं धर. ४० मुलं असली तरी सव्वातीन-साडेतीन तासांचं काम आहे, आणि तुझ्याकडे १५ दिवस आहेत. ऐकताना चूक दुरुस्त करू नकोस, कपाळाला आठी पाडू नकोस. एक दोनशेपानी वही कर, प्रत्येक मुलाला एक पान, आणि त्यात तीनच गोष्टी टिपून ठेव: कुठं अडलं, लिहिलेल्या शब्दाऐवजी कोणता शब्द म्हणालं, आणि पुस्तक मिटल्यावर त्यानं काय सांगितलं.

त्या वहीतून तुला तीन तऱ्हेची मुलं दिसतील. एक, ज्यांना मुळाक्षरं येतात पण काना-मात्रा-वेलांटी किंवा जोडाक्षर लागलं की गाडी रुतते. दुसरी, जी भराभर वाचतात पण पहिलं अक्षर बघून उरलेला शब्द अंदाजानं ठोकतात. 'पाऊस'चं 'पाऊल' करतात आणि तसंच पुढे जातात. तिसरी खडखडा वाचतात, एक चूक नाही, आणि पुस्तक मिटून "काय झालं गोष्टीत?" विचारलं की तुझ्याकडे बघत राहतात. मला सगळ्यात जास्त काळजी ह्या तिसऱ्यांची वाटते. पहिल्या दोघांना कुणीतरी कधीतरी पकडतं. तिसऱ्याला दरवर्षी 'वाचन उत्तम' असा शेरा मिळतो आणि विज्ञानात, इतिहासात, गणिताच्या शाब्दिक उदाहरणांत तो का मागे पडतो हे कुणालाच कळत नाही.

पहिल्या तऱ्हेच्या मुलांना परत 'अ आ इ ई'पासून नेऊ नकोस. ती बारा-तेरा वर्षांची आहेत, मिसरूड फुटायला लागलेलं असतं. हातात पहिलीचं पुस्तक दिलंस तर दुसऱ्या दिवसापासून शाळेत दिसणार नाहीत. ती नेमकी कुठं अडतात तेवढंच धर. बहुतेक वेळा ते जोडाक्षर असतं, आणि जोडाक्षरातही आपला 'र'. जरा बघ, हे एकच अक्षर किती वेशांत येतं: 'पर्वत'मध्ये डोक्यावर बसतं, 'प्रकाश'मध्ये पायाशी तिरकी रेघ होतं, 'राष्ट्र'मध्ये खाली उलटं टोक होतं, आणि 'वाऱ्यावर'मध्ये चंद्रकोरीसारखं अर्धं होऊन बाजूला चिकटतं. आपण मोठ्यांनी ह्याकडे कधी बघितलेलंही नसतं. मूल मात्र दरवेळी ठेचकाळतं.

मी काय करायची ते सांगते. चार रिकाम्या काडेपेट्या घ्यायच्या, एकेकीवर ह्या चार शब्दांतला एकेक शब्द लिहायचा. मुलांनी वर्तमानपत्रातून, लग्नपत्रिकांतून, हजेरीपटावरच्या आडनावांतून 'र'चे शब्द कातरून किंवा उतरवून आणायचे आणि ज्या त्या पेटीत टाकायचे. एखादा शब्द कुठल्या पेटीत टाकायचा ह्यावर भांडणं होतात, ती होऊ द्यायची. भांडता भांडताच पोरं, अंदाजानं ठोकणारी दुसऱ्या तऱ्हेचीही, अक्षराकडे निरखून बघायला लागतात. 'दर्या' आणि 'दऱ्या' ह्या जोडीवर एकदा माझा अख्खा तास गेला. आमच्या बालाघाटातल्या पोरांनी दऱ्या पायाखाली घातलेल्या, दर्या एकानंही पाहिलेला नव्हता. "बाई, एका रेघेनं डोंगराचा समुद्र होतोय की!" असं एक पोरगं ओरडलं. त्या दिवसापासून त्या वर्गात रफार कुणी चुकवला नाही. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' ही जोडीही अशीच ठेव. कुणाला नमस्कार करायचा आणि कुणाला भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगायचं, हे त्या अर्ध्या 'र'वर ठरतं.

लाज ही मधल्या वर्गांतली सगळ्यात मोठी अडचण आहे. पाचवीच्या खालचं मूल चुकलं तर हसतं, आठवीच्या वरचं निर्ढावतं, पण ह्या वयातलं मूल आतल्या आत मरतं. त्यावर गुरुजींनी मला जे सांगितलं त्याला तोड नाही. ज्या सातवीच्या मुलाला वाचता येत नाही त्याला त्यांनी पहिलीच्या वर्गावर गोष्ट वाचायला पाठवलं. शनिवारी. सोमवारीच त्याला चित्रांची पातळशी गोष्ट दिली आणि म्हणाले, "लहान पोरं तुझी वाट बघणार आहेत, आवाज काढून वाचायची बरं का, वाघाचा वेगळा, म्हातारीचा वेगळा." आठवडाभर ते पोरगं सोळा ओळींची ती गोष्ट शंभर वेळा वाचत बसलं. पहिलीची गोष्ट वाचतो म्हणून त्याला कुणी हसलं नाही, कारण ती त्याच्यासाठी नव्हतीच. मी ही युक्ती नोकरीभर वापरली. पहिली-दुसरीच्या बाईंना विश्वासात घे, त्यांनाही आराम मिळतो.

आता त्या तिसऱ्या तऱ्हेच्या मुलांकडे येते. ही मुलं आपणच तयार करतो, आपल्या प्रश्नांनी. हे वाक्य वाच: "एक लुमट ढबुका चिरवंडीवर मिरकत होता." आता प्रश्न: ढबुका कुठे मिरकत होता? उत्तर: ढबुका चिरवंडीवर मिरकत होता. ढबुका कसा होता? लुमट होता. दोन्हींना पैकीच्या पैकी गुण. ह्यातला एक शब्द तरी तुला कळला का? मराठीत असले शब्दच नाहीत, मी ते आत्ता बसून बनवले. 'एका वाक्यात उत्तरे लिहा' आणि 'रिकाम्या जागा भरा' ह्यांच्यावर वर्ष काढलं की मुलं असंच वाचायला शिकतात. प्रश्नातला शब्द धड्यात हुडकायचा आणि ती ओळ उतरवायची, झालं.

म्हणून पुस्तक मिटून विचारत जा. "तुझ्या आजीला ही गोष्ट सांगायची आहे, सांग." "ह्यात तुला पटलं नाही असं काय?" "लेखकानं काय सांगायचं टाळलंय?" आणि सगळ्यात चांगलं म्हणजे प्रश्न मुलांनाच काढायला लाव. अट एकच, ज्याचं उत्तर धड्यात जसंच्या तसं लिहिलेलं आहे तो प्रश्न बाद. पहिले आठ दिवस एकही प्रश्न येणार नाही. घाबरू नकोस, वाट बघ.

आणि तू स्वतः रोज वाचून दाखव. रोज म्हणजे रोज, परिपाठ संपला की १५ मिनिटं. ह्यावर पुढे प्रश्न नाहीत, गृहपाठ नाही, फळ्यावर कठीण शब्द नाहीत. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे वाच, ताम्हनकरांचा गोट्या वाच, प्रकाश नारायण संतांच्या 'वनवास'मधला लंपन वाच. तो तर ह्याच वयाचा आहे. साने गुरुजींची 'श्यामची आई' तू वाचताना रडलीस तरी चालेल. रंगात आलं की नेमकं तिथंच थांबायचं आणि पुस्तक टेबलावर उघडं ठेवून काही निमित्तानं बाहेर निघून जायचं. परत येशील तेव्हा टेबलाभोवती चार-पाच डोकी असतील. ज्यांच्या घरात एकही छापील पुस्तक नाही, त्या मुलांनी चांगलं मराठी वाक्य मोठ्यानं वाचलेलं दुसरीकडे कुठं ऐकायचं? 'चार' आणि 'चारा' ह्यांतला 'च' वेगळा उच्चारतात, वाक्यात दम कुठं घ्यायचा, प्रश्नाला आवाज कसा चढतो, हे सगळं कानातूनच आत जातं. घरी गोरमाटी किंवा हिंदी बोलणारी मुलं तुझ्या वर्गात असतील तर त्यांच्यासाठी ही १५ मिनिटं दिवसातली सगळ्यात मोलाची.

शाळेत पुस्तकं असतात. ती कपाटात असतात आणि कपाटाला कुलूप असतं. मी एका शाळेवर रुजू झाले तेव्हा किल्ली दोन वर्षांपासून सापडत नव्हती; पुस्तकं हरवली तर भरून द्यावी लागतील ह्या भीतीनं कुणी ती शोधलीही नव्हती. कुलूप तोडलं तेव्हा आत 'किशोर'चे गठ्ठे निघाले, वाळवी लागलेले. तू पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापकांकडून किल्ली माग, यादी कर, आणि पुस्तकं बाहेर काढून वर्गात सुतळी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी टांग. पुस्तकाचं मुखपृष्ठ दिसलं पाहिजे, पाठ नाही. देणं-घेणं मुलांकडे सोपव. वर्षाला पाच-सहा फाटतील, दोन हरवतील. रजिस्टरला तशी नोंद कर. बालभारती १९७१पासून 'किशोर' काढते आहे, जुने अंक मोफत बघायला मिळतात. तुझ्या मोबाइलवर उघडून एखादी गोष्ट वाचून दाखवायला काहीच लागत नाही. माधुरी पुरंदरे ह्यांचं 'वाचू आनंदे' मिळालं तर शाळेसाठी घ्यायला लाव. त्यांचं 'लिहावे नेटके' तुझ्या स्वतःसाठी घे.

पुस्तकाबाहेरचंही वाचायला दे. एसटीच्या स्थानकावरचं वेळापत्रक, विजेचं बिल, सातबारा, बियाण्याची पिशवी. एकदा मी फवारणीच्या औषधाची रिकामी, धुतलेली बाटली फडक्यात गुंडाळून वर्गात नेली आणि लांबूनच दाखवली. लेबलावरचा रंगीत त्रिकोण कशाचा, हे ३८ मुलांत एकालाही माहीत नव्हतं. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. त्याच्याखाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते फळ्यावर मोठं करून आम्ही वाचलं. दुसऱ्या दिवशी एक मुलगी सांगत आली की घरी कपाशीसाठी आणलेली बाटली लाल त्रिकोणाची होती, ती खाली होती, लहान भावाच्या हाताला लागेल अशी. तिनं ती वडलांना वर माळ्यावर ठेवायला लावली. वाचन कशासाठी शिकायचं हे त्या वर्गाला पुन्हा समजावून सांगावं लागलं नाही.

लिहिण्याचं आता सविस्तर सांगते, कारण तुझी तिथं जास्त फसगत होईल. वाचता येत नाही हे तरी दिसतं. लिहिता येत नाही हे नीटनेटक्या वह्यांत झाकून जातं. तू 'पावसाळ्यातील एक दिवस' असा निबंध दे, चाळीसच्या चाळीस वह्यांत काळे ढग दाटून येतील, मोर नाचेल, धरणीमाता हिरवा शालू नेसेल. हे सगळं गाइडातलं. माझ्या गावात तर दोन वर्षं पाऊस नव्हता तेव्हाही मुलांनी हाच निबंध लिहिला होता. मी तो वाचला आणि मलाच रडू आलं. टँकरच्या रांगेत पहाटे चारला घागरी घेऊन उभी राहणारी ही मुलं, आणि त्यांना वाटत होतं की लिहायचं ते शालू आणि मोर.

त्या दिवसापासून मी मोठे विषय देणं बंद केलं. विषय असा द्यायचा की गाइडात सापडूच नये आणि तीन-चार ओळींत मावावा. आज सकाळी तुमच्या उंबऱ्यातून काय दिसलं. घरातलं सगळ्यात जुनं भांडं. आजीच्या हाताला कसला वास येतो. एकदा 'घरातली एक वस्तू' असं सांगितलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा, आई-बाप ऊसतोडीला जाणारे, दिवाळीला गेलेले ते उन्हाळ्यात परतणारे. त्यानं दोन ओळी लिहिल्या: 'आईचा कोयता. त्याच्या मुठीला चिंधी बांधेल हाय.' मी 'हाय'ला खूण केली नाही. शेजारी बसले आणि विचारलं, कसली चिंधी रे? म्हणाला, माझ्या जुन्या शर्टाची. ते लिही की. त्यानं लिहिलं. रंग कोणता? निळा होता, आता काळा झालाय. तेही लिही. का बांधली? बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, हाताला फोड येतात म्हणून, आणि आई म्हणते तुझा शर्ट हातात असला की तू जवळ असल्यागत वाटतं. तेही त्यानं लिहिलं. पाच ओळी झाल्या. मी त्या त्याच्या परवानगीनं वर्गात वाचल्या. वर्गातली निम्मी मुलं कोयत्यावर जाणाऱ्यांचीच. कुणी हूं की चूं केलं नाही.

मला पोरांच्या लिहिण्याबद्दल जे काही कळलं ते ह्या एका वहीत कळलं. मी फक्त तीन प्रश्न विचारले. निबंध कसा लिहावा ह्यावर मी त्याला एक अक्षर सांगितलेलं नव्हतं. तू मुलाच्या लिखाणाखाली 'छान', 'ठीक', 'अक्षर सुधार' असले शेरे मारू नकोस. एक खरा प्रश्न लिही, ज्याचं उत्तर तुला खरंच ठाऊक नाही. मग बघ, पुढच्या दिवशी वही आपणहून तुझ्यापुढे येते.

ज्याचा हातच चालत नाही त्याला बोलू दे आणि तू लिहून घे. त्याचेच शब्द, त्यानं म्हटले तसेच. मग तेच त्याला वाचायला दे. स्वतःचं बोलणं कागदावर असलं की न वाचणारं मूलही वाचतं, कारण पुढचा शब्द त्याला माहीत असतो. बहिणाबाई चौधरी कधी शाळेत गेल्या नव्हत्या. शेतात, जात्यावर त्या म्हणायच्या, आणि मुलगा सोपानदेव व नात्यातले एक जण ते टिपून ठेवायचे; म्हणून १९५२ साली ती गाणी पुस्तकात आली. कुणी लिहूनच घेतलं नसतं तर? तुझ्या वर्गात काय काय आहे ते लिहून घेतल्याशिवाय तुलाही कळणार नाही.

घरची बोली हा विषय नाजूक आहे. आपल्याकडची मुलं 'करायलो', 'गेलतो', 'पानी', 'लोनी' लिहिणार, कारण ती तसंच ऐकतात. कान बरोबर आहे त्यांचा. 'हे अशुद्ध' असं एकदा म्हणालीस की मूल आईच्या बोलण्याचीच लाज धरायला लागतं आणि लिहिणं थांबवतं. पहिला मसुदा घरच्या बोलीतच होऊ दे. मग सांग, ही घरची बोली, ही पुस्तकातली, आपल्याला दोन्ही यायला पाहिजेत. आता आजीला सांगतोस तसं लिहिलंस, तेच तहसीलदारांना कसं लिहिशील? मुलांना हा खेळ फार आवडतो. भास्कर चंदनशिवांची 'लाल चिखल' वाचून दाखव, आपल्याच मातीतल्या बोलीत केवढी कथा उभी राहते ते कळेल. लक्ष्मीबाई टिळक तर लग्न झाल्यावर लिहायला-वाचायला शिकल्या आणि बोलल्यासारखं लिहीत गेल्या; 'स्मृतिचित्रे'च्या तोडीचं मराठी गद्य सापडणं कठीण आहे.

म्हणून शुद्धलेखन सोडून द्यायचं का? मुळीच नाही. परीक्षेत, अर्जावर, नोकरीत त्यावरूनच माणसाला जोखतात, आणि आपल्या मुलांना तिथं कुणी सवलत देणार नाही. पण एका वहीत ३० लाल गोल केलेस तर मूल एकही बघत नाही. एका वेळी दोनच चुका धर, आठवडाभर त्याच. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२चे १४ आणि १९७२ला वाढवलेले ४ असे १८ आहेत, पण मधल्या वर्गांना त्यातल्या दोन-तीन नियमांवर बरंच साधतं. शब्दाच्या शेवटची वेलांटी-उकार दीर्घ: आई, पाणी, गहू, वाळू. शेवटचं अक्षर अकारान्त असलं की त्याच्या अलीकडची दीर्घ, आणि प्रत्यय लागून रूप बदललं की तीच ऱ्हस्व: ऊस पण उसाला, फूल पण फुलाला, गरीब पण गरिबाला. कापूस मात्र कापसाला होतो, तो त्यांना स्वतः शोधू दे. 'आणि', 'गुण', 'विष' असे संस्कृतातले आणि अपवादाचे शब्द वेगळ्या कागदावर लिहून भिंतीला लाव. 'न' आणि 'ण'साठी नियम सांगत बसू नकोस, जोड्या दे: मन आणि मण, तन आणि तण. खुरपणीला जाणाऱ्या मुलाला 'तण' एकदा कळलं की विसरत नाही.

श्रुतलेखन घेशील तेव्हा मुलांना पुस्तक उघडून स्वतःच तपासायला सांग. स्वतःची चूक स्वतः सापडली की ती बुजते. अक्षराबद्दल एवढंच: समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात एक अख्खा समास लेखनाच्या क्रियेला दिला आहे, तेव्हा सुवाच्य अक्षराचं महत्त्व आपल्याकडे जुनंच आहे. पण वळणदार अक्षराला गुण देऊन आतल्या मजकुराकडे डोळेझाक करू नकोस.

आणि लिहिलेलं कुणीतरी वाचलं पाहिजे. तपासणं वेगळं, वाचणं वेगळं. साने गुरुजी अमळनेरला शिक्षक होते तेव्हा वसतिगृहातल्या मुलांसाठी हातानं लिहून दैनिक काढायचे. तू दैनिक नको, महिन्याला एक भित्तिपत्रक काढ, पाराजवळच्या भिंतीवर लाव, आल्यागेल्यानं वाचलं पाहिजे. दिवाळीआधी ऊसतोडीला निघणाऱ्या मुलांना मी प्रत्येकी तीन पोस्टकार्डं द्यायची, ५० पैशांची, वर शाळेचा पत्ता लिहून. एका वर्षी अकरा मुलं गेली, कार्डं आली चार. त्यातलं एक फडावर ओलं झालेलं, शाई पसरलेली, एवढंच वाचता येत होतं की 'इथं थंडी लई हाय, धडा कितवा चालूय'. ते कार्ड वर्गात फिरलं आणि सगळ्यांनी मिळून उत्तर लिहिलं. परत आलेल्या त्या मुलाचं लिहिणं सुटलेलं नव्हतं. हंगामी वसतिगृह असेल तर मुलाला गावातच राहू देण्यासाठी पालकांशी बोल, पण तरी जी जातात त्यांच्या दप्तरात वही आणि कार्डं घालून दे.

मुली ह्या वयात रोजनिशी लिहायला लागतात. वाचायला दिली तरच वाच, आणि वाचलेलं स्टाफरूममध्ये बोलू नकोस. कधी एखाद्या वहीत असं काही येईल की तुझा हात थरथरेल: घरात मार आहे, कुणी अंगाला हात लावतो, लग्न ठरवलंय. तेव्हा लाल पेन खाली ठेव. मुलीला एकटीला बसवून ऐक, मुख्याध्यापकांना सांग, आणि १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक मोफत आहे, त्यावर फोन कर. दोनदा मला हे करावं लागलं. एकदा मी वेळेवर केलं, एकदा मला उशीर झाला.

राहिला तुझा अभ्यासक्रम. जून-जुलैत तू मागे राहशील, केंद्रप्रमुख विचारतील, शेजारच्या वर्गात सातवा धडा चालू असताना तू दुसऱ्यावर असशील. ती वही त्यांच्यापुढे ठेव, प्रत्येक मुलाचं पान दाखव. माझा अनुभव असा की दिवाळीनंतर हाच वर्ग दुप्पट वेगानं चालतो, कारण तोवर मुलं धडा स्वतः वाचून आलेली असतात. सगळी मुलं नाही येत. माझ्याही हातून दरवर्षी दोन-तीन सुटली, त्यांची नावं मला अजून आठवतात. त्यांच्या पानांवर नोंदी कमी आहेत, इतरांपेक्षा खूप कमी. तू तुझ्या वहीत दर महिन्याला बघ, कुणाचं पान कोरं राहतंय.

माझी शेवटची वही ह्या पत्रासोबत पाठवते आहे. पुढची साठ-सत्तर पानं रिकामी आहेत, ती तू वापर. १५ जूनला शाळा उघडली की हजेरी झाल्यावर सगळ्यात मागच्या बाकावर खाली मान घालून बसलेल्या मुलाला बोलाव, त्याला तुझ्या शेजारी ओट्यावर बसव, आणि त्याचं पहिलं पान ऐक.

तुझी,
मावशी